बिडी सुटली, पुडी लागली : पारोळा तालुक्यातलं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ५६. पारोळा तालुक्यातल्या एका लहान गावचे. विहिरीच्या पाण्यावरची दोन एकर शेती, तीत कापूस आणि थोडी दादर ज्वारी. कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, रोजंदारी. सोळा-सतराव्या वर्षापासून बिडी, दिवसाला साधारण एक बंडल. घरात बायको, मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. गाव त्यांना आप्पा म्हणतं, मीही इथे तेच म्हणतो. त्यांच्या आणि घरच्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आप्पांची बिडी महिन्याभरात सुटली. तंबाखू सुटायला मात्र त्यानंतरही बरेच महिने गेले. मधल्या काळात घरच्यांना, गावाला आणि खुद्द आप्पांना काम फत्ते झालं असंच वाटत होतं. खानदेशात आज हेच मोठ्या प्रमाणावर घडतं आहे, म्हणून हे एक प्रकरण सविस्तर मांडतो.

दवाखान्यात आले तेव्हा

डिसेंबरची थंडी, भरिताचे दिवस. दोन महिन्यांपासून खोकला, सकाळी बेडका, छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज, आणि विहिरीपासून बांधापर्यंत चालताना मध्ये थांबावं लागणं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हटलं की आधी क्षयाची तपासणी, त्यात सवलत नाही. बिडी ओढणाऱ्याला क्षय होण्याचा आणि त्याने दगावण्याचा धोकाही जास्त असतो. सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी झाली, क्षय निघाला नाही. एक्स-रेत गाठ नव्हती, फुप्फुसं मात्र फुगलेली दिसत होती. धुळ्याला स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून करायची श्वासाची मोजणी, करून घेतली. पहिल्या सेकंदात जोरात बाहेर पडणारी हवा त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी माणसाच्या ५८ टक्के भरली. निदान : सीओपीडी, मध्यम तीव्रतेचा. श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा हा आजार.

जिनिंगमधला कापसाचा कचरा आणि घरातल्या चुलीचा धूर यांचाही वाटा असणार. सिलिंडर होता, पण भाकरी चुलीवरच. तरी चाळीस वर्षांच्या बिडीपुढे बाकीची कारणं दुय्यम होती.

बिडीबद्दल एक समज इथे घट्ट बसला आहे : सिगारेट वाईट, बिडी साधी, पानाची, कागद नाही, केमिकल नाही. बिडीत तंबाखू कमी असते हे खरं आहे. पण टेंभुर्णीच्या पानातून हवा आत येत नाही आणि बिडी सारखी विझते, त्यामुळे ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. एका बिडीतून मिळणारं डांबर (टार) आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसतं, बहुतेक वेळा जास्तच असतं. भारतातल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केला. त्यात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि बिडी ओढणाऱ्या बायकांचं आठ वर्षांनी कमी झालेलं आढळलं.

हे सांगितल्यावर आप्पा म्हणाले, "आते काय उपेग, डॉक्टरसाहेब? अर्धं आयुष्य धूरमा गयं."

चाळीस वर्षं ओढलेला माणूस हा प्रश्न विचारतोच, आणि त्याला खरं उत्तर मिळायला हवं. 'कधीही सोडा, चांगलंच' हे गुळमुळीत उत्तर त्याला पुरत नाही. ब्रिटनमधल्या चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षं पाठपुरावा झाला, आणि २००४ साली रिचर्ड डॉल, रिचर्ड पीटो आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष मांडले. आयुष्यभर सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांची ती दहाच्या दहा वर्षं वाचली, चाळिशीत सोडणाऱ्यांची नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सहा, आणि साठीत सोडणाऱ्यांचीही तीन. ते आकडे सिगारेटचे आणि ब्रिटनचे, बिडीला तसेच्या तसे लावता येत नाहीत. पण दिशा तीच आहे. आप्पांना मी सांगितलं की तुमच्या वयाला अजून काही वर्षं परत मिळवता येतील, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे राहिलेली वर्षं चालत-फिरत जातील.

फुप्फुसांचं सांगताना मात्र खोटी आशा दाखवली नाही. गेलेला श्वास परत येत नाही. सोडल्याने घसरण मंदावते. अमेरिका आणि कॅनडातल्या 'लंग हेल्थ स्टडी'त अकरा वर्षांत असं दिसलं की ओढत राहिलेल्या पुरुषांची पहिल्या सेकंदातली हवा दरवर्षी सुमारे ६६ मिलिलिटरने घटत होती, सोडलेल्यांची सुमारे ३० ने. वय वाढताना निरोगी माणसाचीही साधारण एवढीच घटते. बिडी सोडल्या दिवसापासून फुप्फुसं निरोगी माणसाच्या चालीने म्हातारी होतात.

प्रत्येक बिडीचा हिशोब

आप्पांना "बिडी सोडा" म्हणून घरी पाठवलं नाही. आधी दिवसाच्या बिड्या मोजल्या, कोणती कधी आणि कशासाठी. मला हा भाग औषधांहून महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडच्या गर्दीच्या ओपीडीत नेमका तोच राहून जातो.

पहिली बिडी उठल्या उठल्या, अंथरुणातच. उठल्यापासून पाच मिनिटांत जो पेटवतो त्याचं शरीर निकोटिनला जास्त बांधलेलं असतं. रोज किती ओढता यापेक्षा कधीकधी ही एकच गोष्ट जास्त सांगून जाते. दुसरी लगेच, संडासला जाताना. "बिडी बगर पोट साफ होत नही," आप्पा म्हणाले, आणि हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की आता स्वतःहून विचारतो. निकोटिन आतड्यांना चाळवतं, हे खरंच आहे. मग चहाबरोबर एक. जिनिंगला जायच्या आधी फाट्यावर एक-दोन. जिनिंगच्या आवारात बिडी-काडी नेता येत नाही, सरकीचा आणि रुईचा ढीग एका ठिणगीने जातो. म्हणून सुट्टीत फाटकाबाहेर येऊन लागोपाठ दोन-तीन. जेवल्यावर एक. संध्याकाळी पारावर किती, ते आप्पांनाही सांगता आलं नाही. आणि शेताची पाळी असली की रात्रीच्या. थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते, मध्यरात्री उठून पाणी भरायला जावं लागतं. थंडी, अंधार, एकट्याने जागणं, आणि सोबत बंडल.

ही यादी वाचून मुलगा म्हणाला, "रात्रीचं पाणी मी भरतो, आप्पा. महिनाभर तुम्ही जाऊच नका." आप्पांच्या यशात या एका वाक्याचा वाटा कुठल्याही गोळीपेक्षा मोठा आहे असं माझं मत आहे.

बिडी सुटली

दिवस ठरवला संक्रांतीचा. आप्पांनी आदल्या रात्री शेवटची ओढली आणि उरलेलं बंडल सुनेकडे दिलं. तिने ते चुलीत टाकलं.

निकोटिन शरीरातून फार लवकर जातं, दर दोनेक तासांनी निम्मं होतं. म्हणून त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. आप्पांचाही तसाच होता. चिडचिड एवढी की नातही दोन दिवस जवळ गेली नाही. झोप तुटक. पोट खरंच साफ होईना. त्यासाठी सकाळी कोमट पाणी, रात्री इसबगोल, जेवणात पालेभाजी आणि कळण्याची भाकर, एवढं पुरलं. संडास सुरळीत व्हायला आठवडाभर लागला. हा आठवडा आधी सांगून ठेवला नसता तर आप्पा त्याच कारणावर परत बिडीकडे गेले असते, याबद्दल मला शंका नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी छातीत धडधड आणि मळमळ सुरू झाली. घरात घबराट : एकदम सोडल्याने हृदयावर आलं. पारावरच्या चार जणांनीही तेच सांगितलं, हळूहळू सोडायची असते म्हणून. कारण वेगळं होतं. आप्पा दम्यासाठी कित्येक महिने थिओफिलिनच्या गोळ्या घेत होते, कुणीतरी कधीतरी लिहून दिलेल्या. तंबाखूच्या धुरातले काही घटक यकृताला हे औषध झपाट्याने मोडायला लावतात. धूर बंद झाला की यकृताचा वेग उतरतो, तीच गोळी रक्तात जास्त वेळ टिकते, आणि धडधड, मळमळ, हातांची थरथर होते. गोळी बंद करून श्वासातून घ्यायचं औषध दिल्यावर दोन दिवसांत धडधड थांबली. चहातल्या कॅफीनचंही असंच होतं, म्हणून बिडी सोडलेल्या माणसाने काही दिवस चहाचे कप कमी करावेत. खानदेशात गावोगाव या गोळ्यांवर असलेले दम्याचे पेशंट आहेत. बिडी सोडायला सांगणाऱ्या प्रत्येकाने आधी त्यांच्या गोळ्यांची पाकिटं बघावीत, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

श्वासातून घ्यायच्या औषधाबद्दलही भीती होती, 'पंप लागला की सुटत नाही' ही. आप्पांना समजावलं की पंपाचं औषध थेट श्वासनळीत जातं, मात्रा गोळीपेक्षा कितीतरी कमी लागते. त्यांनी ते मान्य केलं, पण माझ्या बोलण्याने नाही. रात्री शिट्टी न वाजता झोप लागली तेव्हा.

महिन्याने खोकला निम्म्यावर आला होता. भाकरीला चव लागते असं आप्पा स्वतःहून म्हणाले. बिडीचं विचारलं तर ताठ बसून उत्तर, "बिडी ना? हातबी लावत नही आते." सून, मुलगा, सगळे खूश.

पुडी

तंबाखूच्या प्रत्येक पेशंटचं तोंड बॅटरीने बघायचं, तो काय ओढतो ते न विचारता, ही माझ्याकडची पद्धत आहे. होळीच्या सुमारास आप्पा आले तेव्हा खालच्या ओठाच्या आत, डाव्या बाजूला, हिरडीच्या खोबणीत पांढरा, सुरकुतलेला चट्टा होता. डिसेंबरात तो नव्हता.

"आप्पा, इथे काय ठेवता?"

उत्तर जिजींनी दिलं, म्हणजे त्यांच्या बायकोने. पुडी. जिनिंगच्या सुट्टीत फाटकाबाहेर न जाता आत बसायला लागल्यावर शेजारच्याने हातावर मळून दिली, तंबाखू आणि चुना. आधी चिमूटभर, सुट्टीपुरती. मग सकाळी संडासच्या वेळेला. मग झोपतानाही. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाही ते वावगं वाटलं नव्हतं. बिडी तर सुटली ना.

मेंदूला हवं असतं निकोटिन. बिडीच्या झुरक्यातून ते दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि लवकर उतरतं. चुना लावलेल्या तंबाखूतून तोंडाच्या आतल्या त्वचेतून सावकाश जातं, पण तंबाखूची गोळी तोंडात असेपर्यंत जात राहतं, आणि एकूण मात्रा कमी नसते. आप्पांचं फुप्फुस धुरातून सुटलं होतं, म्हणून खोकला कमी झाला होता. तो फायदा खरा होता आणि मी तो नाकारला नाही. पण व्यसन जागेवरच होतं. धोका छातीतून तोंडात आला होता. आणि निकोटिनची भूक जिवंत असलेला माणूस एखाद्या रात्री पुडी संपली की बिडीकडे परततो, हेही ठरलेलं.

महाराष्ट्राचं चित्र याच आकारात दिसतं. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २००९-१० च्या फेरीत राज्यातले ६.६ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, २०१६-१७ च्या फेरीत ३.८ टक्के. देशाची सरासरी तेव्हा १०.७ टक्के होती. म्हणजे बिडी-सिगारेटच्या बाबतीत महाराष्ट्राची स्थिती देशापेक्षा पुष्कळ बरी. पण त्याच दुसऱ्या फेरीत राज्यात धूरविरहित तंबाखू घेणारे प्रौढ होते २४.४ टक्के, आणि पहिल्या फेरीत २७.६. धूर जवळजवळ निम्म्यावर आला, पुडी-मशेरी जेमतेम हलली. बायकांमध्ये धूम्रपान दीड टक्काही नव्हतं, पण मशेरी-तंबाखू साडेसोळा टक्क्यांच्या वर.

काही जण स्वीडनचं उदाहरण देतात : तिथे लोकांनी सिगारेट सोडून ओठाखाली ठेवायची तंबाखू घेतली आणि फुप्फुसाचा कर्करोग उतरला. ते खरं आहे, पण तिथल्या मालात कर्करोगकारक नायट्रोसामाइनचं प्रमाण नियमाने फार कमी ठेवलेलं असतं. आपल्या टपरीवरच्या पुडीला तसा कुठलाच लगाम नाही, आणि तोंडाच्या कर्करोगाचे जगातले सर्वांत मोठे आकडे ज्या देशांत आहेत त्यांत आपण आहोत. स्वीडनचा धडा पारोळ्यात लावता येत नाही.

आप्पांना धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवून तुकडा तपासून घेतला. कर्करोग नव्हता, त्याकडे झुकणारे बदलही नव्हते. तंबाखू घासून जाड झालेली त्वचा होती. अशा चट्ट्यांपैकी बरेच तंबाखू बंद केल्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत विरतात. अहवाल हातात घेऊन मुलगा बराच वेळ गप्प होता.

दुसऱ्यांदा

यावेळी निकोटिनचा च्युइंगगम दिला, दोन मिलिग्रॅमचा, तो चिठ्ठीशिवायही मिळतो. पहिल्यांदा बिडीच्या वेळी आप्पांनी नको म्हटलं होतं, औषधाने औषध कसं सुटेल म्हणून. आता घेतला आणि तीनच दिवसांत परत आणून दिला : घसा जळतो, उचकी लागते. ते पानासारखा चावून रस गिळत होते. या गोळीची रीत वेगळी आहे. तिखट चव येईपर्यंत सावकाश चावायची, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची. चव गेली की परत थोडं चावायचं, बाजू बदलायची. अर्धा तास चालते. गिळलेलं निकोटिन पोटात जळजळ करतं आणि वाया जातं. चहा पिऊन लगेच घेतली तरी उपयोग होत नाही, आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. पंधरा मिनिटं जाऊ द्यायची. आप्पांची एका बाजूची दाढ पडलेली, म्हणून दुसऱ्या बाजूने सुरुवात. माझ्यासमोर बसून एक गोळी पूर्ण घेतली, तेव्हा जमलं. औषधाच्या दुकानात हे कुणी सांगत नाही, आणि 'गोळीने काही होत नाही' म्हणणारे बहुतेक जण इथेच अडलेले असतात.

जिनिंगच्या मुकादमाशी मुलगा बोलला. तोही तंबाखूवालाच, पण माणूस समजूतदार. सुट्टीत आप्पांना मळणाऱ्यांच्या घोळक्यापासून दूर, वजनकाट्याजवळ बसायला जागा दिली. खिशात फुटाणे आणि बडीशेप. तलफ आली की ती काही मिनिटांत उतरते, तेवढा वेळ हात आणि तोंड गुंतलेलं हवं. पाकिटांवर छापलेला १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या मोफत क्विटलाइनचा नंबर सुनेने लावून दिला. तिकडून ठरलेल्या दिवशी फोन यायचा, आणि आप्पा त्या फोनसाठी घरी थांबायचे. दर काही दिवसांनी कुणीतरी नाव घेऊन विचारतं, याचा त्यांना आधार वाटला.

घरातला अवघड भाग जिजींचा होता. आप्पांच्या मागे सगळ्यात जास्त त्या लागल्या होत्या, आणि स्वतः रोज सकाळी मशेरी लावत होत्या. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण दाताचं औषध म्हणून ती घरात असते. "दात दुखतस, म्हनीसन लावस मी," जिजी म्हणाल्या. दात दुखत होते ते हिरड्या सोडत चालल्यामुळे, आणि त्याला मशेरीचाही हातभार होता. लावल्यावर थोडं बधिर होतं म्हणून औषध वाटतं. सुनेने एक दिवस सरळ सांगितलं की एका घरात दोन नियम चालणार नाहीत. तिचा हा धीटपणा मला फार मोलाचा वाटतो. पदर सावरत बोलणाऱ्या सुनेला सासू-सासऱ्यांच्या व्यसनावर बोलणं सोपं नसतं. जिजींचे दात साफ करून घेतले, किडलेली दाढ काढली. मशेरी दिवसातून तीनदाची एकदा झाली. पूर्ण सुटलेली नाही, हेही नोंदवतो.

पैशाचा हिशोबही सुनेनेच मांडला. बंडल आणि काडेपेटी, नंतर पुडी आणि चुना, दिवसाचे धरले तीस रुपये. वर्षाचे जवळपास अकरा हजार. ते ती महिन्याच्या महिन्याला बचत गटात भरू लागली, आप्पांच्या नावाने सांगून.

आखाजी

एप्रिलअखेर पुडी पूर्ण बंद झाली होती. मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. माहेरवाशिणी गावात, झोके, गाणी, आणि पुरुषांचे झाडाखाली पत्त्यांचे डाव. डाव रात्रभर चालतो आणि बिड्या हातोहात फिरतात. दोन दिवसांनी आप्पा दवाखान्यात, मान खाली. "आखाजीले चुकी व्हई गयी."

दोन बिड्या ओढल्या होत्या. त्यांना वाटत होतं, सगळं पाण्यात गेलं, आता कशाला ढोंग. सोडलेल्या माणसाला परत अडकवणारा खरा विचार हाच असतो. त्या दोन बिड्यांनी तेवढं नुकसान होत नाही. घसरणं आणि परत लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधल्या चोवीस तासांत घरचे काय बोलतात त्यावर पुष्कळ ठरतं. जिजी काही बोलल्या नव्हत्या. आम्ही गोळ्या आणखी महिनाभर वाढवल्या आणि पुढच्या लग्नांची यादी काढली : कुठे पंगतीनंतर लगेच निघायचं, कुठे नातीला बरोबर न्यायचं. नात मांडीवर असली की आप्पांना कुणी बिडी देत नाही. ही युक्ती त्यांचीच.

वर्षानंतर

पुढच्या डिसेंबरात परत स्पायरोमेट्री केली. ५८ चे ६० टक्के. हा फरक यंत्राच्या आणि फुंकण्याच्या चढउतारातलाही असू शकतो, म्हणून त्याला सुधारणा म्हणत नाही. घसरण झाली नाही, एवढं म्हणतो. थंडीत छाती भरून यायची ती यावर्षी आली नाही. विहिरीपासून बांधापर्यंत न थांबता चालतात. ओठामागचा चट्टा पोळ्यापर्यंत विरला होता; तरी दर सहा महिन्यांनी तोंड बघणं सुरू आहे. वजन चार किलो वाढलं, त्यावर जेवणाचं बोललो. हृदयाचा फायदा दिसत नाही, पण जागतिक आरोग्य संघटना सांगते की सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो, आणि दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यापर्यंत.

गावात पुढे काय

आप्पांच्या गावात बिडी ओढणारे जवळपास सगळे पन्नाशीच्या पुढचे आहेत. पोरांच्या हातात बिडी दिसत नाही. जगभरही ओहोटी आहे : २००० साली दर तीन प्रौढांत एक तंबाखू घेत होता, २०२२ मध्ये दर पाचात एक. ब्रिटनमध्ये १९७४ साली निम्म्याच्या आसपास प्रौढ सिगारेट ओढत, २०२३ मध्ये आठात एकाच्या आसपास. मालदीवने तर २००७ पासून जन्मलेल्यांना तंबाखू विकायलाच नोव्हेंबर २०२५ पासून बंदी घातली. आपल्याकडे सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी २००८ पासून, पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्ररूप इशारा २०१६ पासून, आणि महाराष्ट्रात सुट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी २०२० पासून. सुटी बिडी गावात आजही मिळते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट ४० टक्क्यांत टाकताना बिडीचा कर मात्र २८ वरून १८ वर आणायचं ठरवलं. बिडी वळणाऱ्या आणि तेंदूपत्ता गोळा करणाऱ्या हातांचा प्रश्न खरा आहे. उन्हाळ्यात सातपुड्यातल्या घरांना त्या पानांचा पैसा लागतो. पण त्या हातांना दुसरं काम देणं आणि बिडी स्वस्त ठेवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. स्वस्त बिडीची किंमत त्याच घरांतली फुप्फुसं देतात.

तरीही बिडी जाणार, असं मला वाटतं. ओढणारी पिढी जाईल तशी ती जाईल. तिच्या जागी जे बसलं आहे ते गावात आत्ताच दिसतं. आप्पांचा मुलगा २९ वर्षांचा. त्याने आयुष्यात बिडी ओढलेली नाही, वडिलांसाठी रात्रीचं पाणी भरलं, मुकादमाशी बोलला, धुळ्याला घेऊन गेला. तो गुटखा खातो. राज्यात २०१२ पासून बंदी असलेला गुटखा, सातवी-आठवीपासून. वडिलांच्या वर्षभराच्या तपासणीच्या दिवशी त्यालाही तोंड उघडायला लावलं. स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात जायला हवीत. त्याची दोन जेमतेम गेली. गालांची आतली कातडी पांढरट, ताठ झालेली. सुपारीने होणारा हा आजार आहे, सबम्युकस फायब्रोसिस. तो पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, आणि बापाच्या चट्ट्यासारखा विरत नाही. आज सोडलं तर आहे तिथे थांबण्याची शक्यता असते.

त्याला दंतविभागात पाठवलं आहे, तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू केले आहेत, आणि दिवसातल्या प्रत्येक पुडीची यादी लिहायला सांगितली आहे. यादी आप्पा लिहून घेतात. पुढची तपासणी दोघांची एकाच दिवशी ठेवली आहे.